फाटकावरचा सेंटर फॉरवर्ड

सोमा मडावी गेल्याची बातमी मला छोट्या, नॅरोगेज लाईनच्या गार्डानं दिली. सकाळची गाडी गोंदियाला लागली होती आणि पार्सल ऑफिसच्या दारात मी शिंगाड्यांची पोती उतरवून घेत होतो. गार्डानं आपली पेटी हमालाच्या डोक्यावर दिली, माझ्याजवळ आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाबूजी, आपका सोमा गया. परसों दोपहर को. बुखार दिमाग में चढ़ गया था." अशा वेळी माणूस विचारतो, कसा गेला, बायको कुठं आहे, औषधपाणी झालं होतं का… यातलं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही. मी विचारलं, "मातीला किती लोक होते?" गार्डानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "गिनती तो नहीं की, बाबूजी. कल फाटक पर गाड़ी खड़ी की, तो आधी गाड़ी उतर गई."

अर्धी गाडी! मी पुन्हा पोत्यांकडे वळलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या पाण्याच्याही आधी छातीत एक जुनी, ओळखीची कळ उठून गेली होती. मी मेलो तर कुणाची गाडी रिकामी होणार आहे?

नंतर आठ दिवसांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं. 'आपण मडावींचे जिवलग मित्र आणि बरोबरीचे खेळाडू, तेव्हा चार शब्द लिहून पाठवावेत.' यातल्या दोन्ही गोष्टी पुऱ्या खऱ्या नाहीत. बरोबरीचा खेळाडू मी कधीच नव्हतो. तो मैदानात असायचा आणि मी मैदानाबाहेरच्या बाकावर. जिवलग म्हणावं, तर त्याच्या ओळखीच्या तेरा वर्षांत असा एक महिना गेला नसेल ज्यात मी त्याचा हेवा केला नाही. तो हेवा बाजूला ठेवून लिहायला बसलो, तर दोन पानं कोरीच राहिली. तेव्हा ठरवलं, की आहे ते आहे तसं सांगावं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आमच्या रेल्वेच्या हॉकी संघातल्या निम्म्या जागा एकदम मोकळ्या झाल्या. तोवर गोंदियाचा संघ म्हणजे गोऱ्या-निमगोऱ्या ड्रायव्हर-गार्डांचा. आम्ही काळे कारकून चेंडू आणून द्यायला आणि टाळ्या वाजवायला. त्या वर्षी ते सगळे सामानसुमान विकून बोटी पकडायला निघाले आणि आमचा सेंटर फॉरवर्डही गेला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. शाळेपासून हॉकी खेळत होतो, रोज पहाटे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर एकटा चेंडू घेऊन धावत होतो आणि आघाडीची ती मधली जागा आता माझीच, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. संघाचा कप्तान गार्ड पिंटो मात्र देश सोडून गेला नव्हता. एका संध्याकाळी तो छोट्या लाईनवरच्या, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला एक तरणा गडी घेऊन मैदानावर आला. अंगात खाकी बंडी, पाय अनवाणी, उभं राहण्याची ढब अशी की जणू कुणाच्या लग्नात चुकून येऊन पडला आहे. पिंटो म्हणाला, "बाबू, ये सोमा है. केशोरी का. स्लीपर के बीच में पत्थर को ऐसा मारता है कि मैंने गाड़ी से देखा और दंग रह गया. इसको रूल सिखाओ."

म्हणजे त्याला खेळाचे नियम मी शिकवले. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे, आणि सांगताना दरवेळी थोडं वाढवूनच सांगत आलो आहे. खरं एवढंच, की मी त्याला पंधरा दिवस मैदानाच्या कडेला बसवून नियम सांगितले आणि तो हसत राहिला. केशोरीला धान कापून झालं की पोरं रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमध्ये, वाकड्या फांद्या घेऊन बांबूच्या मुळाचा चेंडू हाणायची. तिथं एकच नियम होता, बांध ओलांडला की गोल. ऑफसाईड त्याला काही केल्या पटेना. "पुढं कोनी नाई तर बरंच झालं ना, बाबू," तो म्हणायचा. "मोकळी जागा आहे तथी जावाचं नाई, हे कोन सांगतलं?" मी म्हणालो, "नियम आहे." तो म्हणाला, "ज्याले धावता येत नसन त्यानं केला असन." तिसऱ्या आठवड्यात पिंटोनं सरावाचा सामना लावला. सोमानं माझ्या पायांमधून चेंडू काढून नेला, मागं वळून पाहिलं, मला लागलं तर नाही ना याची खात्री केली आणि मग गोल केला. ते मागं वळून पाहणं मला गोलापेक्षा जास्त झोंबलं. त्या दिवसापासून आघाडीची मधली जागा त्याची झाली आणि राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसायची जागा माझी.

राखीव खेळाडूचं आयुष्य कसं असतं हे कुणी लिहीत नाही. त्याला रोज सराव करावा लागतो, सामन्याच्या दिवशी बूट घालून तयार बसावं लागतं आणि तोंडानं "शाब्बास सोमा" म्हणत मनात देवाला सांगावं लागतं, की याचा पाय मुरगळू दे… फार नको, पंधरा दिवसांपुरता. नागपूर, बिलासपूर, खडगपूर, जिथं जिथं आमचा संघ गेला तिथं मी सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसलो. सोमाला पायांत बूट चालायचे नाहीत. तो सुरुवातीला बूट घालून उतरायचा, पाचव्या मिनिटाला ते काढून माझ्याकडे फेकायचा आणि गर्दी आनंदानं ओरडायची, कारण आता खरा खेळ सुरू होणार हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असायचं. "अरे सोमा को दो! सोमा को!" ही हाक मी इतक्या गावांत ऐकली आहे, की आजही बाजारात कुणी सोमा नावाच्या माणसाला हाक मारली तर माझा हात रिकामाच पुढं जातो, बूट झेलायला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझे बाबा… ते शाळामास्तर होते आणि माझ्या हॉकीला टवाळकी म्हणायचे. मी दहावीत असताना शाळेच्या संघाचा कप्तान झालो, तेव्हा ते सामना पाहायला आले नव्हते. एका रविवारी मी बाकावर बसलो होतो आणि समोरच्या कडेला काळी छत्री घेऊन उभे असलेले बाबा मला दिसले. सोमानं गोल मारला तेव्हा त्यांनी छत्री मिटली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तुझ्या त्या मडावीला एकदा घरी घेऊन ये. त्याच्या खेळात शुद्धलेखनाची एक चूक नाही." मी घेऊन गेलो. आईनं पुरणपोळ्या केल्या. सोमा पाटावर अवघडून बसला, सात पोळ्या खाल्ल्या आणि बाबांनी काही विचारलं की "हो जी", "नाई जी" एवढंच बोलत राहिला. बाबा त्याच्या प्रत्येक 'हो जी'वर असे हसत होते, जसे माझ्या कुठल्याही बोलण्यावर कधी हसले नव्हते.

पुढं कलकत्त्याच्या रेल्वेच्या मोठ्या संघानं त्याला मागून घेतलं. हुद्द्यानं रेल्वेतला खलाशी मजूर, कामानं सेंटर फॉरवर्ड; दिवसभर सराव आणि हंगामभर सामने. सोमा गेला आणि गोंदियाच्या संघात मधली जागा मला मिळाली. किती वर्षं त्या जागेची वाट पाहिली होती! पहिल्या सामन्यात मी एक गोल केला. चांगला गोल होता, अजूनही मला तो डोळ्यांपुढं दिसतो. सामना संपल्यावर मैदानाबाहेरचा पानवाला म्हणाला, "अच्छा था बाबूजी. सोमा होता तो तीन होते." तीन हंगाम मी त्या जागेवर खेळलो आणि तीनही हंगाम 'सोमा असता तर' माझ्याबरोबर खेळत राहिला. त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रात यायची. पार्सल ऑफिसातले लोक ती कापून भिंतीला चिकटवायचे आणि त्यांच्याखाली बसून मी पावत्या फाडायचो.

सुटीत तो केशोरीला जाताना गोंदियात एक दिवस माझ्याकडे थांबायचा. अशाच एका मुक्कामात त्यानं माझ्या खेळाची एक खोड बरोबर हेरली. डाव्या बाजूनं आलेला चेंडू मला उलट्या स्टिकनं कधीच नीट घेता आला नव्हता. तो म्हणाला, "बाबू, तू चेंडूकडे पाहून राहिला. चेंडू तर येनारच आहे. तू आपलं मनगट पाह्य." दिवेलागणीपर्यंत तो मला चेंडू देत राहिला. न कंटाळता, न रागावता, माझं मनगट हातात धरून, वळवून, पुन्हा सोडून. दहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या एका संध्याकाळी जमलं. हे मी इथं मुद्दाम सांगतो आहे, कारण सोमाला शिकवता येतं की नाही हे गोंदियात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी मला पक्कं ठाऊक होतं.

मग त्याचा गुडघा गेला. कलकत्त्याला एका सामन्यात जवळून मारलेला चेंडू थेट वाटीवर बसला. दोनदा चिरफाड झाली, चार महिने तो इस्पितळात होता आणि परत आला तेव्हा उजवा पाय काठीसारखा ताठ झाला होता. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्याला गोंदियाच्या फलाटावर उतरताना पाहिलं, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात कचरतो… पण लिहायचंच ठरवलं आहे. मला वाटलं, सुटलो.

त्याचं आता काय करायचं, हा प्रश्न वरच्या साहेबांपुढं आला. पिंटो तोवर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला होता. साहेबांच्या मनात होतं, की मडावीला गोंदियातच ठेवावं, संघाला शिकवायला. त्यांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. "तुम्ही त्याला पहिल्यापासून ओळखता. त्याला शिकवणं जमेल का?" त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायला एका शब्दाहून जास्त लागत नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, खेळाडू म्हणून तो सोन्यासारखा. पण शिकवायचं म्हणजे बोलता यायला हवं, समजावता यायला हवं. त्याला लिहिता-वाचताही येत नाही. त्याच्या आत सगळं आहे, पण बाहेर काढून देता येत नाही त्याला." वाक्य इतकं चांगलं झालं, की साहेबांनी मान डोलावली. मलाही क्षणभर ते खरंच वाटलं. महिन्याभरात संघाचा प्रशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली आणि सोमाला छोट्या लाईनवर, सौंदडच्या पुढं जंगलातल्या एका फाटकावर गेटमन म्हणून पाठवण्यात आलं.

त्याला गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. पत्र्याची एक पेटी, एक वळकटी आणि बायको फुलवंता, एवढाच संसार. सोमा खिडकीशी बसला, ताठ पाय समोरच्या बाकावर ठेवला. "येशीन ना बाबू, तिकडं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "येईन की. पुढच्याच महिन्यात." गाडी हलली आणि मी हात वर केला. पाच वर्षं गेलो नाही.

प्रशिक्षक म्हणून माझी ती वर्षं कशी गेली, हे गोंदियातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. मी फळ्यावर आकृत्या काढायचो, शिटी वाजवायचो, खूप बोलायचो. संघ हरायचा. आणि मग पाचव्या वर्षी एक नवलाची गोष्ट घडली. गणपत नावाचा आमच्या आघाडीत खेळणारा, इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन होता, तिशीचा, जड अंगाचा, मी ज्याला या हंगामात काढून टाकायचं ठरवलं होतं. तो एकाएकी खेळायला लागला. उलट्या स्टिकनं डावीकडचा चेंडू घेऊन तो असा वळला, की माझ्या अंगावर काटा आला. ते वळणं मी ओळखत होतो. सामना संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "कुणी शिकवलं हे?" तो म्हणाला, "सुटीच्या दिवशी छोट्या गाडीनं फाटकावर जातो, बाबूजी. सोमादादाकडे."

दुसऱ्याच रविवारी मी छोट्या गाडीत बसलो. फार संतापलो होतो. माझ्या खेळाडूला माझ्या पाठीमागं शिकवणारा हा कोण? वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. सागाचं रान सुरू झालं, सौंदड गेलं, आणि गार्डानं माझ्यासाठी फाटकापाशी गाडी हळू केली तसा मी उतरलो. गेटमनला राहायची एक लहानशी कौलारू कोठी, तिच्यावर दोडक्याचा वेल, समोर माती सारवलेलं अंगण. खरं सांगतो, मी संतापानं आलो होतो तरी आतून एक आशा होती, की सोमा मला खंगलेला, दारू पिऊन पडलेला, निदान उदास तरी दिसेल. तो हिरवी झेंडी गुंडाळत रुळाच्या कडेला उभा होता. अंग भरलं होतं, चेहरा उन्हानं तकतकीत झाला होता. मला पाहिलं आणि आधी घराकडे तोंड करून ओरडला, "फुलवंते, बाबू आला वो! भात टाक!"

भाषण तसंच राहिलं. आम्ही अंगणात बसलो. फाटकावर बैलगाड्या यायच्या, जायच्या. गाडीवान त्याला रामराम घालायचे, कुणी कोठीच्या ओट्यावर काकड्या ठेवून जायचा. तो मला दोडके दाखवत होता, मागं आपण बनवलेली लहानशी बांधी दाखवत होता. हॉकीचा शब्द नाही. त्याच्या त्या मोकळेपणानं माझा धीर सुटला. मी ज्या गोष्टीसाठी आलो नव्हतो तीच बोलून गेलो. "सोमा," मी म्हणालो, "तुला इथं मी पाठवलं. साहेबांनी मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं, की तुला शिकवता येत नाही."

"मालूम आहे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"साहेबानंच. मी गेलतो ना इचारायले, का मले गावात काऊन ठेवत नाई. त्यानं तुझं पुरं वाक्य सांगतलं. 'आत आहे, पन बाहेर काढून देता येत नाई.' वाक्य मस्त होतं, बाबू."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "म्हणजे त्या दिवशी स्टेशनावर तुला…"

"मालूम होतं."

"मग बोलला का नाहीस? राग नाही आला?"

त्यानं दाराकडे मान वळवली. "फुलवंते, बाबू पुसून राहिला, का मले राग आला होता का?"

फुलवंता आतून पदराला हात पुसत आली. ती फार बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "एक साल, जी. सकाळी उठले का तुमच्या नावानं शिव्या, झोपले का तुमच्या नावानं शिव्या. मी म्हनलं, तो बाबू तथी गोंदियात मजेत आहे, तुमी अथी आपलं तोंड कायले खराब करून राहिले?"

"मंग थकलो," सोमा म्हणाला. "शिव्या देनंही कामच आहे ना. फाटकाचं काम, बांधीचं काम, त्याच्यावर हे एक. सोडून देल्लो." मग त्याच्या डोळ्यांत ते जुनं, चेंडू पायाशी आल्यावर दिसायचं ते हसू आलं. "पन तू येशीन असं वाटे. दोन साल वाट पायली, तीन साल पायली. आला नाई. मंग म्हनलं, याले बाहेर काढाचं तर डाव टाकावा लागन. तुझ्या संघातला जो सगळ्यात कच्चा, त्यालेच पकडला. गणपतले. म्हनलं, हा खेळाले लागला का बाबू जळन. आन् जळला का येईन."

पाच वर्षांनी, एका ताठ पायानं, जंगलात बसून त्यानं मला पुन्हा चकवलं होतं. मी साहेबांना सगळं खरं सांगतो, तुला परत गोंदियाला आणतो, असं मी काकुळतीला येऊन म्हणालो. तो म्हणाला, "आता नोको. तवा दिलं असतं तर उड्या मारत आलो असतो… उडी मारता येत नाई तो भाग येगळा. आता मले अथी बरं आहे." तो मला बरं वाटावं म्हणून बोलला असता तर मी सुखानं परतलो असतो. पण तो खरं बोलत होता. माझ्याकडे मैदान होतं, शिटी होती, घर होतं, आणि मला कधीच बरं वाटलं नव्हतं. खेळ हातचा गेल्यावर मी आणखी दहा वर्षं कुढलो असतो. हा माणूस एक वर्ष मनसोक्त शिव्या देऊन मोकळा झाला होता आणि दोडके लावत होता. त्याच्या खेळाचा मी जेवढा हेवा केला, त्याहून जास्त मी त्या दुपारी त्याच्या त्या मोकळं होण्याचा केला, आणि तो अजूनही ओसरलेला नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, जी आजवर छापून आलेली नाही. त्यानंतरची दोन वर्षं गोंदियाचा संघ जिंकत होता, आणि त्याबद्दल माझा सत्कार झाला, हार घातलेलं माझं छायाचित्र याच पुरवणीत आलं. तो संघ माझा नव्हता. मी दर रविवारी दोघा-तिघा खेळाडूंना छोट्या गाडीत बसवून देत होतो आणि ते फाटकाजवळच्या मुरमाड मैदानात शिकून येत होते. सोमा पाटीवर खडूनं चेंडू काढायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. मनगट धरायचा, वळवायचा, सोडायचा. मी त्याला म्हटलं होतं, की तुझं नाव सांगतो. तो म्हणाला, "सांग ना, मी काय नाई म्हनून राहिलो?" आणि मी सांगितलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन, असं करता करता राहिलं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला वाचता तर कधीच येत नव्हतं, आज कुणी वाचून दाखवलं तरी तो ऐकू शकत नाही, आणि आता मी सांगतो आहे. माझी धाव नेहमी अशीच एक पाऊल उशिरा पोचली.

गेल्या आठवड्यात फाटकावर गेलो. कोठीत बदली गेटमन आला आहे. फुलवंता केशोरीला परत जायच्या तयारीत होती. मागच्या बांधीतलं धान कापून होईपर्यंत थांबली आहे. आम्ही ओट्यावर बसलो. गाडी जायची होती ती जाऊन झाली होती, फाटक उघडं होतं. धानाचे भारे लादलेली एक बैलगाडी रस्त्यानं आली आणि उघड्या फाटकाच्या तोंडाशी आपोआप थांबली. गाडीवानानं शेपट्या पिळल्या, हुर्र केलं, चाबकाचा दांडा टेकवला. बैल हलेनात. मी म्हणालो, "काय झालं? फाटक तर उघडं आहे."

"मीठ, जी," गाडीवान वैतागून म्हणाला. "मडावी फाटक उघडे तवा आधी बैलाले मीठ चाटवे. कोनाचीही गाडी असो. म्हने, आपल्यापाई या बैलायले उनात उभं राहावं लागलं. पाच-सात सालाची सवय. आता तो गेला, पन यायले कोन सांगन? महिना होऊन राहिला, फाटक उघडं असलं तरी अथी उभे राहतेत."

फुलवंता उठली, आत गेली आणि मुठीत मीठ घेऊन आली. बैलांकडे गेली नाही. माझ्यापाशी आली आणि ते माझ्या तळव्यावर ठेवलं. मी उतरलो, हात पुढं केला. खरखरीत गरम जीभ तळव्यावरून फिरली, एकदा, दोनदा. मग दुसऱ्या बैलाची. गाडी चालू लागली. रूळ ओलांडून पलीकडे गेली. तिच्या मागून आणखी एक येत होती. तिचे बैलही उघड्या फाटकाशी येऊन थांबले. फुलवंतानं माझ्या तळव्यावर आणखी मीठ ठेवलं. मी मिठाचा हात त्यांच्या तोंडापुढं धरला होता, आणि ते मान वळवून कोठीच्या दाराकडे पाहत होते.